डोक्यावरच्या बारवर घेतलेला आळ

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. मारुतीचा जन्म इथला, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या व्यायामशाळेत शिरलं तर भिंतीवर तोच मारुती भेटतो. एका हातात गदा आणि दुसऱ्या तळहातावर, डोक्याच्याही वर, अख्खा द्रोणागिरी. त्याला रोज उदबत्ती लागते, शनिवारी रुईच्या पानांची माळ पडते. आणि त्याच तसबिरीखाली उभा राहून टी-शर्टातला ट्रेनर नव्या पोराला बजावतो, "बार डोक्यावर न्यायचा नाही हां. खांदा जाईल."

हा सल्ला हल्ली कॉलेज रोडच्या काचेरी जिमपासून सिडकोतल्या तळघरापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या शेपटाला आणखी चार गोष्टी बांधलेल्या असतात. कंबर धरते. पोरांची उंची खुंटते. पोरींनी तर त्या वाटेला जाऊच नये. खांदे करायचेत तर मशीनवर बसा, बार डोक्यावर न्यायचं काम ऑलिंपिकवाल्यांचं. गंमत अशी, की हाच ट्रेनर दुसऱ्या दमात सांगतो, "रोज यायचं. खाडा चालणार नाही." म्हणजे २० किलोचा बार डोक्यावर गेला तर धोका, पण पाच तासांच्या झोपेवर, आठवड्याचे सातही दिवस, दुखऱ्या खांद्यानं बेंच मारला तर ती जिद्द.

खांदे बिघडतात हे खरं. कंबर धरते हेही खरं. पण गुन्हेगार दुसरेच आहेत. एक, न शिकता उचलणं. दुसरा, न सावरता पुन्हा उचलणं. हे दोघं मशीनवर बसून व्यायाम करणाऱ्याच्या खांद्यावरही तितक्याच निवांतपणे बसलेले असतात. आळ मात्र येतो डोक्यावरच्या बारवर.

या आळाचं उत्तर शोधायला लांब जायला नको. नाशिक रोडहून रेल्वेनं सत्तरेक किलोमीटरवर मनमाड आहे. जंक्शनचं गाव, अन्न महामंडळाच्या अवाढव्य गोदामांचं गाव, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार याची चर्चा करणारं गाव. क्रीडानगरी म्हणून मिरवावं असं तिथं वरकरणी काही नाही. तरीही तिथल्या जय भवानी व्यायामशाळेत प्रशिक्षक प्रवीण व्यवहारे यांच्या हाताखाली शाळकरी मुलं-मुली वेटलिफ्टिंग शिकत आली आहेत. जून २०२२मध्ये मेक्सिकोतल्या लिऑन शहरात जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. तिथं ४० किलो वजनी गटात मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेनं रौप्यपदक जिंकलं. स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ५९ किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ६८ किलो, एकूण १२७. युवा गट म्हणजे १३ ते १७ वर्षांची मुलं. ४० किलोची शाळकरी मुलगी ६८ किलो डोक्यावर धरून, कोपरं ताठ ठेवून, पंचांचा इशारा येईपर्यंत उभी राहिली. 'पोरींनी त्या वाटेला जाऊ नये' म्हणणाऱ्यांनी ही वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते, एवढं तरी लक्षात घ्यावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो, ती चॅम्पियन. सर्वसामान्य माणसाचं काय?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गफलत आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचा शेवटचा क्षण असतो, लाल-निळ्या प्लेटा लावलेला, वाकलेला बार. चॅम्पियन तिथून सुरुवात करत नाही. नीट शिकवणाऱ्या ठिकाणी पहिल्या दिवशी बारला हातही लावू देत नाहीत. हातात येतो लाकडी दांडा, नाहीतर नळाच्या कामातला पीव्हीसी पाइप. तो घेऊन मूल आधी नुसतं उभं राहतं. मग दांडा डोक्यावर धरून खाली बसतं. टाचा उचलल्या जातात, दांडा पुढं पडतो, पाठ वाकते, सगळे हसतात. असे दिवसच्या दिवस जातात. वजन शून्य.

स्नॅचची पकड रुंद असते. अंगठा आधी दांड्याला वेढतो आणि त्याच्यावर बोटं मिटतात, अंगठा आत कोंडला जातो. पहिले काही दिवस हा अंगठा रडवतो. मग बार नडगीलगत वर येतो. गुडघे ओलांडताना छाती अजून पुढं झुकलेली असते. मांडीच्या वरच्या टोकाशी आला की पाय जमिनीला जोरात ढकलतात, अंग ताठ होतं, खांदे कानांकडं उसळतात. बार क्षणभर हवेत हलका होतो आणि त्या क्षणात खेळाडू स्वतःच त्याच्याखाली घुसतो. पाहणाऱ्याला वाटतं, हातांनी ढकललं. प्रत्यक्षात हात शेवटी फक्त कुलूप लावतात. नियमही तेच सांगतो. स्नॅचमध्ये कोपर वाकलेलं असताना वजन पेललं आणि मग हातांनी दाबून वर नेलं, तर पंच लाल दिवा देतात, उचल बाद होते. ज्या खेळाला 'खांद्याच्या जोरावर वजन ढकलणं' म्हणून नावं ठेवली जातात, त्याच खेळात ते ढकलणंच चूक मानलं जातं.

आता खांद्याचं. हात कडेला सोडलेला असताना तिथून सरळ वर नेला तर सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले ६० पाठीवरचं खवाटं फिरल्यानं. खवाटं फिरलंच नाही, तर हाताचं हाड वरच्या हाडाच्या छपराला जवळ करतं आणि मधले स्नायुबंध चेपले जातात. दिवसभर मोबाइलवर मान खाली, बाइकवर पाठ गोल, ऑफिसात खुर्चीत पोक, अशा माणसाचं खवाटं बहुधा फिरायचंच विसरलेलं असतं. तो पहिल्याच दिवशी ४० किलो डोक्यावर नेईल तर दुखेलच. पण त्याला 'वर नेऊच नको' सांगणं म्हणजे गंजलेल्या बिजागरीचं दार कायमचं लावून घेणं. बार डोक्यावर गेल्यावर खांदे कानांकडं उचलायचे, डोकं किंचित पुढं आणायचं, बार मानेच्या मागच्या रेषेवर उभा ठेवायचा, हे जे शिकवतात ते त्या खवाट्याला पुन्हा कामाला लावण्यासाठीच.

पूर्वी हे इतकं अपरिचित नव्हतं. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये १९७२च्या म्युनिकपर्यंत तीन प्रकार असत: प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेस म्हणजे खांद्यावरून वजन हातांनी सावकाश डोक्यावर. खेळाडू मागं इतके रेलायला लागले की ती उभ्यानं केलेली बेंच प्रेस झाली. किती रेललं म्हणजे चूक, यावर पंचांचं एकमत होईना, आणि म्युनिकनंतर प्रेस वगळली गेली. टीकाकार याकडं बोट दाखवतात: बघा, कमरेला धोका होता म्हणूनच काढली. कमरेची काळजी बोलून दाखवली गेली होती, हे कबूल. पण तो दोष रेलण्याचा होता, प्रेसचा नव्हे. पुढं जिममध्ये बेंचचं राज्य आलं. सोमवार म्हणजे चेस्ट, हे नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत सारखंच. पडून छाती, बसून छाती, तिरपं पडून छाती. खांदे पुढं ओढले गेले, आणि मग कुणीतरी म्हणालं की हल्ली ओव्हरहेड केलं की खांदे दुखतात.

विरोधकांच्या हातातलं सगळ्यात भक्कम उदाहरण सांगलीचं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ. ५५ किलो गटात सांगलीचा संकेत सरगर उतरला होता. वडिलांची पानाची टपरी आणि चहा-नाश्त्याचा गाडा, पोरगा लहानपणापासून बारवर. स्नॅचमध्ये त्यानं ११३ किलो उचलले आणि मलेशियाच्या अनिक कासदानवर सहा किलोंची आघाडी घेतली. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ पहिल्याच प्रयत्नात पेलले. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर नेताना उजवं कोपर दगा देऊन गेलं. तो वेदनेनं कळवळताना देशानं पाहिलं. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला. तोही फसला. कासदाननं शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलले. एकूण २४९ विरुद्ध २४८. एका किलोनं सुवर्ण गेलं, आणि पदक घेताना संकेतचा हात झोळीत होता. नंतर इंग्लंडमध्येच शस्त्रक्रिया झाली.

"आता बोला," असं म्हणणाऱ्यांना बोलायचंय ते इतकंच. संकेत त्या क्षणी स्वतःच्या वजनाच्या अडीच पट वजन सुवर्णासाठी डोक्यावर नेत होता. माणसाच्या शरीराच्या टोकावरची ती जागा आहे, तिथं धोका असतो आणि तो पत्करूनच खेळाडू तिथं जातो. त्यावरून अशोका मार्गावरच्या बत्तीस वर्षांच्या बँक कर्मचाऱ्यानं रिकामा बार डोक्यावर नेऊ नये असा निष्कर्ष काढणं, म्हणजे फॉर्म्युला वनची गाडी उलटली म्हणून द्वारका सर्कलपर्यंत स्कूटर नेऊ नये, असं म्हणण्यासारखं आहे. आणि सांगलीचं उदाहरण द्यायचंच तर अर्धं का द्यायचं? त्याच घरातल्या धाकट्या बहिणीनं, काजोलनं, भावाच्या त्या स्पर्धेच्या साधारण दोन महिने आधी पंचकुल्यात खेलो इंडियाचं सुवर्ण आणलं होतं. घरात बार काय असतो हे ज्यांना सगळ्यात जवळून ठाऊक होतं, त्यांनी मुलीच्या हातातून तो काढून घेतला नव्हता.

दुखापतींची मोजदादही झालेली आहे. ब्रायन हॅमिल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खेळाच्या दर १०० तासांमागं होणाऱ्या दुखापती मांडल्या होत्या. शालेय फुटबॉल ६.२०, रग्बी १.९२, वजनांचा सर्वसाधारण व्यायाम ०.००३५ आणि वेटलिफ्टिंग ०.००१७. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती आणि वजन उचलणारे प्रशिक्षकाच्या नजरेखालचे होते, तेव्हा दशांशाला चिकटून बसायचं कारण नाही. पण फरक दशांशाचा नाहीच, हजारो पटींचा आहे. मुलगा फुटबॉलला गेला तर आई टिफिन भरून देते, आणि बारकडं गेला की शेजारचे काका उंचीचा विषय काढतात.

त्या उंचीबद्दल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२०च्या अहवालात मुलांच्या वजनी व्यायामाचा आढावा घेतला. योग्य तंत्र आणि जाणत्याची देखरेख असेल तर अशा व्यायामानं वाढीला बाधा येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. वेटलिफ्टर बुटके दिसतात ते त्या खेळात बुटके जिंकतात म्हणून. छोट्या हातापायांना बार कमी अंतर न्यावा लागतो. बास्केटबॉल खेळून उंची वाढते, हा याच गैरसमजाचा उलटा भाऊ. मात्र देखरेखीची अट पळवाट म्हणून वाचू नये. बाराव्या वर्षी मित्रांच्या पैजेवर जमेल तितकं वजन डोक्यावर नेणाऱ्या पोराची बाजू इथं कुणी घेत नाही.

इथवर बारची वकिली झाली. आता खऱ्या आरोपीकडं.

वजन उचलल्यानं ताकद येत नाही. वजन उचलल्यानं शरीर थकतं, स्नायूंचे धागे ताणले जातात, त्या दिवशी माणूस आधीपेक्षा दुबळाच होऊन घरी जातो. ताकद येते ती नंतर, झालेलं नुकसान भरून काढताना शरीर थोडं जास्तीचं भरतं तेव्हा. स्नायूंमध्ये नवीन प्रथिनं बांधण्याचा वेग व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस चढा राहतो. दुखणं तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. आणि स्नायूला हाडाशी बांधणारे दोर त्याहून कितीतरी सावकाश बळकट होतात. सगळा घोटाळा इथंच आहे. तीन महिन्यांत नव्या पोराचे स्नायू म्हणतात, अजून दहा किलो लाव. खांद्यातले दोर म्हणत असतात, जरा थांब. दोरांचा आवाज बारीक असतो.

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा तरुण घ्या. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात थर्ड. आठ तास मशीनपुढं उभा, येण्याजाण्यात दीड तास, नाइट करून आल्यावर गल्लीतल्या गलक्यात कशीबशी चार-पाच तास झोप. हा मुलगा जिमला येतो, आणि त्याला भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणं सहा दिवसांचा व्यायाम दिला जातो. तो तक्ता बहुधा कुठल्यातरी बॉडीबिल्डरचा असतो, ज्याचं खाणं, झोपणं आणि उचलणं हेच काम. दोन महिन्यांत पोराचा खांदा धरतो. त्या दिवशी तो नेमका बार डोक्यावर नेत असतो, म्हणून दोष बारला. आदल्या तीस रात्रींची झोप कुणी मोजत नाही.

झोपेची किंमत मोजलेलीही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं गेलं. २०११ साली आलेल्या त्या अभ्यासात त्यांचे धावण्याचे वेळ सुधारले आणि फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी अधिक अचूक झाले. सराव तोच, प्रशिक्षक तेच. अकरा म्हणजे मूठभर माणसं, हे खरं. पण थर्ड शिफ्ट करून स्नॅच शिकायला आलेल्या कुणालाही विचारा, बार त्या दिवशी कुठं पडतो ते. स्नॅचसारखी कसरत थकलेलं अंग लगेच उघडी पाडते, आणि हा तिचा गुणच म्हणायचा. मशीनवर झोप काढत बारा वेळा दांडा ढकलता येतो. स्नॅचला झोप चालत नाही.

"आमच्या आज्या-पणज्यांनी कुठं घेतली विश्रांती?" हा पुढचा हुकमी सवाल. घेतली होती, आणि ती वेळापत्रकात लिहिल्यासारखी घेतली होती. कोल्हापूरच्या तालमीतला दिवस बघा. पहाटे उठून जोर, बैठका, लढती. मग अंगाला माती, मालीश, आंघोळ. मग खुराक: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. आणि मग दुपारची झोप, वस्तादाच्या दराऱ्याखाली सक्तीची. दुपारी पैलवान गावात हिंडताना दिसला तर वस्ताद विचारत असे, झोपायचं सोडून इथं काय करतोयस? संध्याकाळी पुन्हा मेहनत. मेहनत, खुराक, आराम, या तीन शब्दांवर तालीम उभी होती. आपण त्यातला पहिला उचलला, दुसरा डब्यातल्या पावडरीत शोधला आणि तिसरा आळशीपणाच्या खात्यात टाकला. 

तालमीचा दाखला पटला नाही तर हमालाचा दिला जातो. लासलगावच्या बाजारात, मनमाडच्या गोदामात माणसं दिवसभर पन्नास-पन्नास किलोची पोती वाहतात, त्यांना कुठं असतो रेस्ट डे? नसतो, म्हणूनच तर त्यांच्याकडं बघायचं. पन्नाशीतल्या हमालाला पायरी उतरताना बघा, हात गुडघ्यावर टेकवून उतरतो. त्यानं ते वजन शरीर घडवायला उचललेलं नाही, पोटासाठी उचललंय, आणि शरीर झिजवून उचललंय. महाराष्ट्राला १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, तो त्यांना फार सुखात बघून नव्हे. त्या माणसाच्या नाइलाजाला हौशी व्यायामाचा आदर्श म्हणून दाखवणं हा त्याचा अपमान आहे.

मग येतात बल्गेरियाच्या वेटलिफ्टरांचा दाखला देणारे. "ते रोज, दिवसातून अनेक वेळा, जमेल तितकं कमाल वजन उचलायचे आणि जग जिंकायचे." इव्हान अबाजियेव्ह या प्रशिक्षकाच्या पद्धतीचं हे वर्णन साधारण बरोबर आहे. फक्त गोष्ट १९८८च्या सोल ऑलिंपिकपर्यंत नेऊन पुरी करावी. तिथं बल्गेरियाच्या दोन सुवर्णविजेत्यांची पदकं उत्तेजक चाचणीत सापडल्यानं काढून घेतली गेली आणि उरलेला संघ स्पर्धा सोडून घरी गेला. खेळात जी स्टेरॉइडं वापरली जातात, त्यांचं एक मोठं काम हेच, की शरीर लवकर सावरावं, म्हणजे उद्या पुन्हा तेवढंच झोडता यावं. विश्रांतीची वाट बघायला तयार नसलेल्यांनी शोधलेला तो आडमार्ग आहे. भारतीय वेटलिफ्टिंगनं त्यापायी बंदी आणि बदनामी भरपूर भोगली आहे. रोजच्या मेहनतीचं गुणगान करताना हे पान उलटून पुढं जाता येणार नाही.

विश्रांतीनं काय होतं हे बघायचं तर वेटलिफ्टर मीराबाई चानू. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सहांपैकी एकच उचल वैध ठरली, एकूण गुणांकनच झालं नाही. २०१७ला ती जगज्जेती झाली, २०१८ला राष्ट्रकुल सुवर्ण आलं आणि त्याच वर्षी पाठीनं असं धरलं की जकार्ताच्या आशियाई खेळांतून माघार घ्यावी लागली. पाठीपाठोपाठ खांद्याचं दुखणं आलं. २०२०च्या शेवटी तिला अमेरिकेत एरन हॉर्शिग यांच्याकडं पाठवलं गेलं. हे गृहस्थ फिजिओथेरपिस्ट आणि स्वतः माजी वेटलिफ्टर. त्यांनी तिला 'आता डोक्यावर नेऊ नकोस' सांगितलं नाही. दुखण्याचं मूळ शोधलं, भार कमी केला, दोन्ही बाजूंचा तोल बसवला आणि मग पुन्हा वर न्यायला लावलं. एप्रिल २०२१मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला. जुलैमध्ये टोकियोत २०२ किलोंसह रौप्य. दुखऱ्या खांद्याला दिलेला हा जबाब आहे, आणि तो डोक्यावर ११९ किलो धरून दिलेला आहे.

सर्वसामान्य माणसाला यातलं घेण्यासारखं काय? फार गुंतागुंतीचं काही नाही. नवख्याला आठवड्याचे तीन दिवस पुरतात, मध्ये एकेक दिवस मोकळा. डोक्यावरची उचल व्यायामाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना, आणि तीन-चार वेळांच्या छोट्या खेपांत. दमल्यावर केलेली दहावी उचल वाईट सवय शिकवते. वजन तेव्हाच वाढवायचं जेव्हा आधीचं वजन कंटाळवाणं वाटायला लागेल, आणि वाढवायचं ते अर्ध्या-एक किलोनं, ट्रेनरच्या उत्साहानं नव्हे. तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा भार मुद्दाम उतरवायचा. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जोरात, झोप तुटक, भूक मेलेली, चिडचिड, आणि कालचा सोपा बार आज जड, ही चिन्हं एकत्र दिसली की त्या दिवशी दांडा घेऊन हालचाल करायची आणि घरी जायचं. याला खाडा म्हणत नाहीत.

खाण्याचा प्रश्न नाशिकमध्ये तसा अवघड नसावा. ४९ अभ्यासांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरेशी होतात. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत वीसहून अधिक ग्रॅम असतात. रविवारची मिसळ त्या अर्थानं निरपराध आहे, वरच्या तर्रीचा आणि तिसऱ्या पावाचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. अंडी, दूध, दही, डाळ, उसळ जोडली की आकडा गाठता येतो. पावडरीचा डबा सोय आहे, गरज नाही.

आणि काहींनी खरंच बार डोक्यावर नेऊ नये, निदान आज नेऊ नये. भिंतीला पाठ टेकवून, कंबर न उचलता, हात कानांशेजारी भिंतीला लागत नसतील त्यांनी आधी ते जमवावं. चाळिशी-पन्नाशीत खांदा जखडलेला असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेहींमध्ये खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्याचा दोष कुठल्याही व्यायामावर टाकता येत नाही. खांदा निखळण्याचा इतिहास असेल त्यांनीही आधी तपासून घ्यावं. पण 'आज नको' आणि 'कधीच नको' यांत फरक आहे, आणि तो फरक सांगणं हे ट्रेनरचं काम आहे.

तो सांगितला का जात नाही, याचं कारण शरीरशास्त्रात शोधण्यापेक्षा जिमच्या छतात शोधावं. साडेपाच फुटांच्या माणसानं बार डोक्यावर धरला तर बार सुमारे पावणेसात फुटांवर जातो. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटीचा वरचा काठ त्याहून पाऊण फूट वर. साडेसात फूट. तळघरातल्या जिमचं छत आठ-नऊ फुटांवर, त्यातून खाली लोंबणारा पंखा, पंख्याच्या आजूबाजूला आरसे. बार खाली टाकायला रबरी प्लेटा आणि जाड मॅट हवी, आजूबाजूला मोकळी जागा हवी, वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार नको. त्या जागेत चार मशीन बसतात आणि मशीन बघून वार्षिक फी भरली जाते. शिवाय स्नॅच शिकवायला शिकवणाऱ्याला आधी यावा लागतो, आणि चार दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सात तो येत नाही. हे सगळं कबूल करण्यापेक्षा 'खांदा जाईल' म्हणणं स्वस्त पडतं. आणि 'रोज या' हे तर त्याहून स्वस्त, कारण विश्रांतीचे पैसे लावता येत नाहीत.

जिमचालकांना विनंती दोनच. एका कोपऱ्यातली मशीन हलवून, पंखा काढून, आठ फूट चौरस जागा मोकळी करा. तिथं एक १५ किलोचा आणि एक २० किलोचा रिकामा बार ठेवा, शेजारी चार लाकडी दांडे. आणि दारावर ३६५ दिवस उघडे असल्याची जी पाटी आहे, ती उतरवून तिथं सुट्टीचा एक वार लिहा.